नऊ दुमडलेल्या नोटा

आमच्या आंब्याच्या कलमांच्या राखणीला येणारा नेपाळी गडी जूनमध्ये गावी निघताना दरवर्षी एकच हट्ट धरतो. "शेठ, शंभरचाच दे." हिशेब ऐंशी हजारांच्या आसपासचा, आणि याला सगळे पैसे शंभराच्या नोटांत हवे. म्हणजे बँकेतून आठ बंडलं आणायची. बँकेत एका दमात तेवढी मिळत नाहीत, मग दोन फेऱ्या. "याला मोठी नोट ओळखू येत नसेल," असं आमचे मेहुणे एकदा म्हणाले आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. चहा पीत तोही हसला होता, आमच्याकडे बघून.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळी आटोपल्यावर आम्ही चौघं पशुपतिनाथाला निघालो. मी, सौ., मेहुणे आणि त्यांच्या मंडळी. रत्नागिरीहून पनवेल, पनवेलहून गोरखपूरची गाडी, पुढे जीपने सोनौली, म्हणजे नेपाळची सीमा. निघण्याच्या आधीच गडी त्याची तिहार, म्हणजे तिकडची दिवाळी, करून बागेत हजर झाला होता. तुझ्या देशात चाललोय म्हटल्यावर खूश झाला आणि लगेच म्हणाला, "शंभरचा घेऊन जा शेठ. पाचशे तिकडे नाय चालत." मी हो म्हटलं. केलं मात्र नाही. मेहुण्यांनी नि मी दोन कार्डांवर मिळून साठ हजार काढले, एटीएमने दिल्या त्या सगळ्या पाचशेच्या.

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. नेपाळ सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. दोनशे, पाचशे, दोन हजार, काहीच चालत नव्हतं. शंभराची आणि त्याखालची नोट मात्र दुकानात, बसमध्ये, देवळाबाहेर हारवाल्याकडेसुद्धा सहज घेतात.

सोनौलीला जीपमधून उतरलो तर सीमेवरच्या कमानीच्या अलीकडे, म्हणजे आपल्याच हद्दीत, चहाच्या टपरीवर एक मनुष्य भेटला. खांद्याला बॅग, बोलणं अतिशय मृदू. वहिनींना बसायला बाकडं पुसून दिलं. कुठून आलात, महाराष्ट्र का, वा वा, शिर्डीला जाऊन आलोय. मग आवाज खाली आणून, "भाईसाब, बड़े नोट तो नहीं हैं ना? उधर पकड़ते हैं." आमचे चेहरेच पडले. बंदी खरी होती म्हणून भीती खरी वाटली, आणि भीती खरी वाटली म्हणून माणूसही खरा वाटला. सगळी गोम इथेच आहे. तो खोटं बोललाच नव्हता.

मोठ्या नोटा मी घेतो म्हणाला, बदल्यात नेपाळी देतो, दर १.४५. मी मनात म्हटलं, शंभराचे एकशे पंचेचाळीस मिळतायत, वाईट काय? वाईट हे की भारतीय आणि नेपाळी रुपयाचा दर बाजारभावाने वरखाली होतच नाही. फेब्रुवारी १९९३ पासून तो १.६० ला बांधलेला आहे. शंभराचे एकशे साठ. नेपाळ राष्ट्र बँकेच्या रोजच्या पत्रकात शंभर भारतीय रुपयांची खरेदी १६० आणि विक्री १६०.१५ अशी असते, फरक फक्त पंधरा पैशांचा. आंब्याच्या पेटीचा दर वाशीला सकाळी किती फुटला हे मला घरबसल्या माहीत असतं, आणि तीस वर्षांत न हललेला हा एक आकडा मी कुणाला विचारला नव्हता. आम्ही चाळीस हजार दिले. ६४,००० मिळायला हवे होते, ५८,००० ठरले. वर आम्ही त्याचे आभार मानले.

आता मोजणीचं सांगतो, कारण ती मी स्वतः केली. नेपाळच्या हजाराच्या नोटा, त्यांच्यावर हत्ती असतो. बंडलाचा खालचा भाग रबराने बांधलेला. तो त्याने डाव्या मुठीत धरला, वरच्या कडा अंगठ्याने पुढे ओढत अठ्ठावन्न मोजल्या आणि बंडल तसंच माझ्या हातात दिलं. "आप भी गिन लीजिए." मी त्याच्याचसारखं मुठीत धरून, वरच्या कडा ओढत मोजलं. अठ्ठावन्न. मेहुण्यांनी मोजलं. अठ्ठावन्न. इतक्या सचोटीच्या माणसावर संशय कोण घेणार?

कमानीपलीकडे, नेपाळातल्या भैरहवाला लॉजवर पोचल्यावर सौ.ने रबर काढलं. आंबापोळी नि कोकम विकल्याचे पैसे ती घरी जसे मोजते, तशी जमिनीवर बसून एकेक नोट खाली ठेवत गेली. दहा-दहाच्या थप्प्या. पाचवी थप्पी पुरी झालीच नाही. एकोणपन्नास. "अहो, ह्या बघा कशा आहेत," म्हणाली. नऊ नोटा मधोमध दुमडलेल्या होत्या. घडी खाली मुठीत आणि दोन्ही टोकं वर, म्हणजे प्रत्येक नोट दोनदा मोजली जात होती. चाळीस सरळ, नऊ दुमडलेल्या, आणि अंगठ्याखालून गेल्या अठ्ठावन्न. दरात सहा हजार, मोजणीत नऊ हजार, मिळून पंधरा हजार नेपाळी. आपले ९,३७५ रुपये. हापूसच्या किती पेट्या होतात ते मी त्या रात्री मोजत होतो.

मेहुणे संध्याकाळी रिक्षाने परत कमानीपर्यंत जाऊन आले. टपरी होती, चहा होता, मनुष्य नव्हता. टपरीवाल्याला असा कुणी आठवत नव्हता.

गंमत अशी की पुढच्या प्रवासात कामाला आला तो सौ.चा बटवा. त्यात तिच्या विक्रीचे बारा हजार होते, सगळे शंभराचे, काही पन्नासाचे, थोडा कोकमाचा वास असलेले. आमच्या उरलेल्या वीस हजारांच्या पाचशेच्या नोटा मेहुण्यांच्या कमरेच्या पट्ट्यात गप्प बसून काठमांडूला गेल्या आणि तशाच परत आल्या.

दुसरी ठेच काठमांडूत लागली, ती तिलाच. देवळाजवळच्या दुकानात रुद्राक्षाच्या माळेची किंमत विचारली, दुकानदार म्हणाला बत्तीसशे. घासाघीस झाली नाही, तिने शंभराच्या बत्तीस नोटा मोजून दिल्या. तो म्हणाला होता नेपाळी बत्तीसशे. म्हणजे आपले दोन हजार. बाराशे रुपये वरचे गेले आणि तो माणूस एक शब्दही खोटं बोलला नव्हता. दोन्हीकडे रुपयाच, पाट्या देवनागरीत, आकडे देवनागरीत, म्हणून आपल्याला वाटतं सगळं कळतंय. परक्या लिपीच्या देशात आपण जास्त सावध असतो.

तिकडे दुकानदार, बसवाले, हॉटेलवाले सगळे आयसी आणि एनसी असे शब्द वापरतात. आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. हे दोन शब्द मला परतीच्या आदल्या दिवशी समजले. कुणीही कसलीही किंमत सांगितली की आधी तोंडातून "आयसी की एनसी?" निघालं पाहिजे, अगदी चहाच्या कपालाही. आणि एनसीचे आयसी करायला पाचाने गुणून आठाने भागायचं. ३,२०० ला पाचाने गुणा, सोळा हजार, भागिले आठ, दोन हजार. हे गणित सौ.ने केलं, रात्री जेवताना, आणि जेवण अर्धं ठेवून उठली. सकाळी एकटी दुकानात गेली. पैसे परत मिळाले नाहीत. दुकानदाराने कंटाळून आणखी एक माळ दिली. ती देवघरात आहे. रुद्राक्ष आहेत की बोरीच्या बिया, कुणी बघितलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर शंभराच्या नोटा इथूनच, आपल्या बँकेतून घेऊन निघा, आठवडाभर आधी सांगून ठेवलंत तर मिळतात. नेपाळी पैसे लागलेच तर कमान ओलांडून बँकेत किंवा परवाना लावलेल्या काउंटरवर बदला. पाटीवर 'सटही', म्हणजे पैशांची अदलाबदल, असं लिहिलेलं असतं, आमच्या मेहुण्यांनी ते सट्टा वाचलं होतं. पावती मागा. पावती म्हटल्यावर जो हसतो त्याच्याकडून उठा. रबर काढल्याशिवाय मोजू नका, नोट सपाट ठेवून मोजा, मागे रांग असली तरी. उरलेले नेपाळी पैसे सीमेवरच परत करून या, रत्नागिरीत ते कोण घेणार? माझ्याकडे काळवीट छापलेली दहाची एक नोट अजून पाकिटात आहे. मार्च २०२४ पासून तिथल्या दुकानांत आपलं यूपीआयसुद्धा क्यूआरवर चालू झालंय, तेव्हा दराची फसवणूक त्यात होत नाही. मोठ्या नोटांचे नियम मात्र दोन्ही सरकारं वेळोवेळी बदलत आलीत, मी सांगतोय ते २०२२ चं. निघण्याच्या आठवड्यात ताजा नियम विचारा, आणि टपरीवरच्या माणसाला विचारू नका.

परत आल्यावर गड्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्याने त्याच्या घरची गोष्ट सांगितली. २०१६ च्या नोटाबंदीत त्याच्या आईच्या पेटीत पाचशेच्या सात नोटा राहिल्या होत्या. नेपाळात त्या बदलून मिळायची सोय झालीच नाही. "अजून आहे पेटीत," म्हणाला. "आई फेकत नाय." सहा-सात वर्षं तो आमच्याकडे येतोय, शंभरचाच दे म्हणतोय, आणि का म्हणतोस असं आम्ही कधी विचारलं नव्हतं.

जून २०२३ ला मीच बँकेत गेलो. कॅशियरने वर बघितलं, "एवढ्या शंभराच्या कशाला?" गड्याला पाहिजेत म्हटलं. घरी येऊन आठही बंडलं पडवीत त्याच्यापुढे ठेवली. त्याने पहिल्या बंडलाची कागदी पट्टी सोडली आणि एकेक नोट जमिनीवर सपाट करत मोजायला बसला. बाहेर पावसाची पहिली सर आली. मी दिवा लावून दिला आणि समोर बसून राहिलो.