लिव्हर कॅन्सरच्या ऑपरेशननंतर एएफपी तपासणी: कितपत भरवशाची?

लिव्हरमधली एचसीसीची (लिव्हरच्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरची) गाठ काढल्यावर एएफपी (अशा गाठी बऱ्याचदा रक्तात सोडतात ते प्रोटीन) ही रक्ततपासणी फॉलो-अपला कायम असते. ती कामाची आहे, पण सगळ्यांना सारखी नाही. आधी जुनी फाइल काढून ऑपरेशनपूर्वीचा आकडा बघा. तेव्हा तो वाढलेला असेल तर तपासणी उत्तम साथ देते. रक्तातलं एएफपी साधारण 5 ते 7 दिवसांत निम्मं होतं. म्हणजे 400 असलेलं महिना-सव्वा महिन्यात 10 च्या आसपास उतरायला हवं. मध्येच अडलं, तर कुठे काही शिल्लक आहे का ते शोधावं लागतं. मुळातच नॉर्मल असेल (असे पेशंट बरेच असतात) तर नंतरच्या नॉर्मल रिपोर्टवर निर्धास्त राहू नका. त्या गाठीने एएफपी बनवलंच नव्हतं.

घोळ होतो तो युनिटमध्ये. एका लॅबचा रिपोर्ट आययूमध्ये, दुसरीचा नॅनोग्रॅममध्ये. 1 आययू म्हणजे सुमारे 1.2 नॅनोग्रॅम. 10 चे 12 झालेले बघून घरचे हादरतात, प्रत्यक्षात वाढलेलं काहीच नसतं. म्हणून लॅब एकच ठेवा. हिपॅटायटिस उसळला तरी एएफपी चढतं, तेव्हा शेजारी एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी रक्ततपासणी) बघायचंच. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा. काही मशीनवर आकडा खोटा कमी येतो. जोडीला पिव्का-टू (लिव्हर कॅन्सरसाठीची आणखी एक रक्ततपासणी) करणार असाल आणि वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल, तर तो आकडा औषधानेच वाढलेला असू शकतो.

खरी भिस्त स्कॅनवर. साधा सीटी नको, ट्रायफेजिक सीटी (शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन तीन टप्प्यांत, म्हणजे फेजमध्ये, काढलेला) किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय हवा. परत आलेली गाठ आर्टेरियल फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असतानाच्या पहिल्या टप्प्यात) चमकते आणि पुढच्या फेजमध्ये आसपासच्या लिव्हरपेक्षा काळपट पडते. एकच फेज काढला तर ही जोडी दिसतच नाही. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. नुसती सोनोग्राफी ऑपरेशनच्या व्रणाजवळ फसवते. पेट स्कॅनवरही विसंबू नये, कारण त्यात गाठ दिसते ती टोचलेली किरणोत्सारी साखर ओढल्यामुळे, आणि संथ वाढणाऱ्या एचसीसी गाठी साखर फारशी ओढत नाहीत.

पहिली 2 वर्षं दर 3 ते 4 महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी, मग दर 6 महिन्यांनी. सिऱ्हॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) असेल तर 5 वर्षांनंतरही थांबू नका. तिथे उशिरा येणारी गाठ बहुधा नवीनच असते.