दुखऱ्या बोटांसाठी घडीचा चाकू: आधी मिटवून बघा

इंदूरच्या सियागंजात किंवा बर्तन बाजारात घडीचा चाकू मागितला की दुकानदार तो फटकन उघडून दाखवतो. आपणही एकदा उघडून बघतो, आवाज छान येतो, पैसे देऊन मोकळे होतो. संधिवाताच्या हाताची परीक्षा त्यानंतर सुरू होते. जाम (पेरू) चिरून झाला, हात ओला आहे, आता चाकू मिटवायचाय. लॉक सोडवायला जोर लागतो, आणि जोर लावणारा अंगठा नेमका पात्याच्या वाटेत असतो. म्हणून इथे प्रत्येक प्रकार आधी मिटवण्याच्या कसोटीवर लावला आहे आणि मग उघडण्याच्या.

आधी स्वतःचा हात ओळखा, कारण सगळ्यांचं दुखणं एका जागी नसतं. झिजेच्या संधिवातात बहुधा अंगठ्याचं मूळ आणि बोटांची शेवटची पेरं धरतात. आमवातात मनगट आणि बोटांच्या मुळांचे सांधे सुजतात. अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर चिमटीचं प्रत्येक काम महाग पडतं, कारण चिमटीच्या टोकाला लावलेला जोर मुळाच्या सांध्यावर कित्येक पटींनी येतो. मनगट दुखत असेल तर झटका देऊन उघडायचा कुठलाही चाकू बाद.

नखाच्या खाचेचे चाकू पहिल्यांदा बाजूला ठेवा. व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरचा लाल चाकू चाकू म्हणून उत्तमच आहे, पण पातं उघडायला नख खाचेत रोवून पाठीच्या पट्टीच्या ताणाविरुद्ध ओढावं लागतं. म्हणजे चिमूटही आली आणि शेवटच्या पेरावर ताणही. वयानं नखं ठिसूळ झालेली असतील तर ती तुटतात. शिवाय हे चाकू रिव्हेटनं जोडलेले असल्यामुळे स्क्रू सैल करून हलके करता येत नाहीत. त्याच कंपनीच्या १११ मिलिमीटरच्या काही चाकूंत पात्याला लांबट भोक असतं. ते उघडायला बरेच सोपे आहेत, पण आत लाइनर लॉक आहे, त्याबद्दल पुढे.

ओपिनेलचा ८ नंबर हातात घेतला की सोडवत नाही. साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं, हलकी लाकडी मूठ, आणि फळ इतकं सुरेख कापतो की शिफारस करायचा मोह होतो. दुखऱ्या हातासाठी मात्र करू नये. १९५५ पासून त्याच्या गळ्याशी फिरणारं कडं आहे, तेच लॉक. ते फिरवणं म्हणजे बरणीचं झाकण पिळण्यासारखी हालचाल, आणि ती उघडल्यावरही करायची आणि मिटवण्याआधीही. इंदूरच्या पावसाळ्यात बीचचं लाकूड फुगतं आणि पातं मुठीत घट्ट बसतं. मग मुठीचं बूड टेबलावर आपटून पातं थोडं वर आणायची जुनी युक्ती करावी लागते, तिचा दणका मनगटाला बसतो. फारच आवडला असेल तर प्लास्टिकच्या मुठीचा प्रकार घ्या. तो फुगत नाही, पण कडं त्यालाही आहेच.

आता लाइनर लॉक आणि फ्रेम लॉक. बाजारात सगळ्यात जास्त हेच दिसतात. पातं पूर्ण उघडलं की मुठीतली एक पट्टी (फ्रेम लॉकमध्ये मुठीच्याच एका बाजूची) सरकून त्याच्यामागे उभी राहते. मिटवताना ती पट्टी अंगठ्यानं आडवी ढकलायची आणि दुसऱ्या हातानं पातं खाली आणायचं. आडवं ढकलणं हे अंगठ्याच्या मुळाला सगळ्यात न सोसणारं काम, आणि शिवाय अंगठा धारेच्या रस्त्यात. हात दमला की हा चाकू धोक्याचा होतो. उघडायला फ्लिपर असेल, म्हणजे मिटलेल्या चाकूच्या पाठीवर तर्जनीनं दाबायचा छोटा कान, तर अंगठ्याची सुटका होते. मात्र शेवटच्या पेरावर गाठी असतील तर तोच कान टोचतो.

फ्रेम लॉकमध्ये आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. दुखऱ्या हाताला वस्तू निसटेल अशी भीती असते, त्यामुळे माणूस ती घट्ट धरतो. बोटं लॉकच्या पट्टीवर दाबली गेली की पातं मिटलेलं ठेवणारी छोटी गोळी आणखी रुतते आणि चाकू उघडेनासा होतो. वाटतं चाकू खराब आहे. पट्टीवरून बोटं उचलली की तोच चाकू उघडतो.

आमची पसंती आडव्या दांडीच्या लॉकला, ज्याला क्रॉसबार लॉक म्हणतात. बेंचमेडनं हा प्रकार अ‍ॅक्सिस नावानं लोकप्रिय केला. आता गँझोसारख्या स्वस्त चाकूंतही तो मिळतो. पात्याच्या बुडाशी एक पोलादी दांडी आरपार जाते, तिची दोन्ही टोकं मुठीबाहेर असतात आणि आतल्या दोन बारीक स्प्रिंगा तिला पुढे दाबून धरतात. दांडी मागे ओढली की पातं पूर्ण मोकळं होतं. मिटवताना टोक वर, आभाळाकडे करा, धार समोर ठेवा, दांडी मागे ओढून धरा आणि मूठ हळूहळू पुढे झुकवा. पातं स्वतःच्या वजनानं बरंचसं खाली येतं, उरलेलं पाठीकडून तळव्यानं ढकला. या सगळ्यात एकही बोट धारेच्या वाटेत येत नाही. डावखुऱ्यांनाही तो तितकाच सोयीचा.

दोष आहेत. दांडीची टोकं फार छोटी असतील तर ओल्या बोटातून सटकतात, म्हणून किमान तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर आलेली आणि खरबरीत हवीत. स्प्रिंग कधीतरी तुटते. एक तुटली तर दुसरीवर लॉक चालतं पण ढिलं वाटतं, तेव्हा लगेच बदलून घ्या. उघडण्यासाठी पात्यावर खुंटीऐवजी मोठं भोक असलेला घ्या, त्यात अंगठ्याचा पूर्ण गर बसतो, खुंटी टोचते. यूट्यूबवर दिसतो तसा मनगटाचा झटका देऊ नका. दांडी ओढून धरा आणि दुसऱ्या हातानं पातं वर आणा.

बटन दाबताच स्प्रिंगनं उघडणारा चाकू सगळ्यात सोपा वाटतो, पण मध्यप्रदेशात तो घेऊ नका. शस्त्र कायद्याखाली १९७४ पासून इथे सार्वजनिक जागी सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं बाळगायला बंदी आहे, आणि स्प्रिंगनं उघडणारा चाकू तर कुठल्याही मापाचा चालत नाही. अर्धं उघडल्यावर स्प्रिंग मदत करते तो प्रकारही याच कारणानं टाळा. पातं साडेसात-आठ सेंटिमीटरचं पुरतं: जाम, सीताफळ, कुरिअरचं खोकं, सांची दुधाची पिशवी. गराडूचा कंद मात्र यानं सोलू नका, त्याला स्वयंपाकघरातला सरळ चाकू घ्या.

दुकानात पाच वेळा उघडा आणि पाच वेळा मिटवा, सलग. पहिली वेळ कुणालाही जमते, चौथ्या वेळी अंगठा खरं बोलतो. जमलं तर सकाळी, बोटं आखडलेली असताना जा. मग बोटं ओली करून पुन्हा. उघडलेलं पातं टोकाशी धरून डावी-उजवीकडे हलवून बघा, डुगडुगता कामा नये. मूठ भरीव हवी, बारीक मुठीला जास्त आवळावं लागतं. बारीकच असेल तर बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप एक पदर गुंडाळा, दांडी आणि पात्याची फट मोकळी ठेवून. वजन शंभर ग्रॅमच्या आत असलेलं बरं.

घट्ट वाटला तर पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याचा स्क्रू, बहुधा चांदणीच्या खाचेचा, टी-८ किंवा टी-१० मापाचा, एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग सैल करा आणि पातं डुगडुगतंय का ते बघा. तेल एकच थेंब, औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. खोबरेल घालू नका. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी, बोटं सगळ्यात आखडलेली असतात तेव्हाच चाकूही आखडतो. मोहरीचं तेल काही महिन्यांत चिकट होतं. खोक्याच्या चिकटपट्टीचा गोंद पात्याला लागला तर तो तेलानंच पुसा, नाहीतर आत जाऊन सांधा जड करतो.

धार बोथट झाली की कापताना दुप्पट दाबावं लागतं, तेव्हा ती महिन्याकाठी १००० नंबरच्या पाणदगडावर दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांत फिरवून घ्या. सायकलवर सान घेऊन येणाऱ्याकडे द्यायचा तर समोर उभं राहा. कोरड्या चाकावर धार निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग ती धार टिकत नाही.