संख्यामालिका छापायची आहे: फॉर, व्हाइल की डू-व्हाइल?

सी या प्रोग्रामिंग भाषेतील लूपचा (तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणाऱ्या रचनेचा) धडा सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यातच तीन तऱ्हेचे प्रश्न समोर येतात. "७, ११, १५ अशा अंकगणिती श्रेढीची पहिली २० पदे छापा" हा एक. "१००० पर्यंतच्या फिबोनाची संख्या छापा" हा दुसरा (फिबोनाची मालिकेत प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज असते). आणि "संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिपटीत १ मिळवा, आणि १ येईपर्यंत प्रत्येक पायरी छापा" हा तिसरा. वरवर पाहता तिन्ही प्रश्न सारखेच वाटतात, पण त्यांच्यातला फरक मोठा आहे. पहिल्यात किती पदे छापायची ते आधीच ठाऊक असते; दुसऱ्यात पदांची संख्या ठाऊक नसली तरी कुठे थांबायचे ती हद्द दिलेली असते; आणि तिसऱ्यात पदे किती होतील आणि ती कुठवर चढतील, हे दोन्ही प्रोग्राम चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. फॉर, व्हाइल (आधी अट तपासणारा) आणि डू-व्हाइल (एकदा काम करून मग अट तपासणारा) यांपैकी कोणता लूप घ्यावा, हा निर्णय माझ्या मते या फरकावरच घेतला पाहिजे, सवयीवर किंवा पाठ केलेल्या साच्यावर नव्हे.

एक गैरसमज आधी दूर करणे आवश्यक आहे. "फॉर लूप व्हाइलपेक्षा वेगाने चालतो" असे उत्तर व्हायवामध्ये अनेकदा ऐकू येते. तेच काम करणाऱ्या फॉर आणि व्हाइलसाठी आजचा कंपायलर (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) बहुधा एकसारखाच मशीन कोड तयार करतो, आणि मालिका छापताना खरा वेळ लूपला नव्हे तर प्रिंटएफ या छापण्याच्या फंक्शनला लागतो. शिवाय कोणतीही मालिका यांपैकी कोणत्याही लूपने छापता येतेच. त्यामुळे तुलना करताना "जमेल का" हे विचारण्यात अर्थ नाही. "चूक कुठे लपून राहील आणि ती किती लवकर डोळ्यांस दिसेल" हे विचारले पाहिजे.

पदांची संख्या ठरलेली असेल तेथे फॉर लूपला पर्याय शोधू नये. "फॉर (क्रम = १; क्रम <= २०; क्रम++)" या एका ओळीत, म्हणजे लूपच्या मथळ्यात, सुरुवात, अट आणि वाढ या तिन्ही गोष्टी शेजारी-शेजारी दिसतात, आणि तपासणाऱ्याला लूप किती वेळा फिरणार हे आतले काहीही न वाचता सांगता येते. मात्र या लूपमध्येही एक निवड करावी लागते. वरची श्रेढी छापताना पदालाच मोजणी करायला लावता येते: पद ७ पासून सुरू, दर फेरीला ४ ची वाढ, आणि अट पद <= ८३. हे बरोबर आहे, परंतु ८३ हे विसावे पद आहे हे आधी कागदावर काढावे लागते, आणि तेथे कोणी ८० लिहिले तर शेवटचे पद गुपचूप गळते. त्याऐवजी क्रम १ ते २० मोजावा आणि पद ७ + (क्रम − १) × ४ असे काढावे. दहावीच्या बीजगणितातले सूत्र जसेच्या तसे उतरते आणि प्रश्नातला २० हा आकडा कोडमध्येही २० म्हणूनच दिसतो. मला ही पद्धत निःसंशय अधिक सुरक्षित वाटते.

लूपच्या आत लूप आला की फॉरची बाजू आणखी भक्कम होते. पहिल्या ओळीत १, दुसऱ्या ओळीत १ २, तिसऱ्या ओळीत १ २ ३ असा त्रिकोण छापायचा आहे असे समजा. दोन व्हाइल लूप वापरून हा प्रोग्राम लिहिणारे विद्यार्थी आतल्या लूपचे व्हेरिएबल (बदलती किंमत साठवणारे नाव) एकदाच, अगदी वर, १ करून ठेवतात. मग पहिल्या ओळीत १ छापला जातो आणि आतले व्हेरिएबल २ होते. दुसऱ्या ओळीच्या वेळी ते २ पासूनच पुढे चालते, म्हणून त्या ओळीत फक्त २ येतो, आणि तिसऱ्या ओळीत फक्त ३. पडद्यावर त्रिकोणाऐवजी एकाखाली एक १, २, ३ असा उभा स्तंभ दिसतो. कंपायलर कोणतीच एरर देत नाही. फॉर लूपमध्ये ही चूक होणे अवघड असते, कारण सुरुवातीची किंमत लूपच्या मथळ्यातच लिहावी लागते आणि ती जागा मोकळी राहिली तर लगेच खुपते. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकापासून तर मोजणीचे व्हेरिएबल त्या मथळ्यातच घोषित करता येते, त्यामुळे ते लूपबाहेर उरतही नाही. टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये सी प्रोग्राम लिहिताना मात्र ही सोय नाही. तेथे घोषणा ब्लॉकच्या सुरुवातीलाच करावी लागते.

फेरीतले उरलेले काम सोडून देणाऱ्या कंटिन्यू या विधानाच्या बाबतीत फॉर आणि व्हाइल खरोखरच वेगळे वागतात, आणि माझ्या मते तुलनेतला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच आहे. १ ते २० मधल्या ३ च्या पटी वगळून उरलेल्या संख्या छापायच्या आहेत. फॉर लूपमध्ये "क्रम % ३ == ० असेल तर कंटिन्यू" (म्हणजे ३ ने भागून बाकी ० उरली तर) असे लिहिले, तर नियंत्रण थेट मथळ्यातल्या वाढीकडे जाते, क्रम ४ होतो आणि काम पुढे सरकते. व्हाइल लूपमध्ये वाढ बहुधा सर्वांत खाली लिहिलेली असते. कंटिन्यू तिच्यावरून उडी मारून अटीकडे जाते, क्रम ३ चा ३ च राहतो आणि लूप तेथेच अखंड फिरत राहतो. यात आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. लिनक्सच्या टर्मिनलवर आउटपुट साधारणपणे ओळ पूर्ण झाल्यावरच पडद्यावर येते, त्यामुळे संख्यांमध्ये केवळ स्पेस दिलेली असेल तर छापलेले १ आणि २ सुद्धा दिसत नाहीत. विद्यार्थ्याला वाटते की प्रोग्राम सुरूच झाला नाही, आणि तो चूक भलत्याच ठिकाणी शोधू लागतो. डू-व्हाइलमध्ये कंटिन्यू खालच्या अटीवर उतरते, तेव्हा वाढ त्याआधी झालेली नसेल तर तेथेही हाच प्रसंग ओढवतो.

मथळ्यानंतर चुकून पडलेला सेमीकोलनही दोन्हीकडे वेगळे फळ देतो. १ ते १० छापणाऱ्या फॉरच्या ओळीअखेर तो पडला तर लूप रिकामाच फिरतो आणि नंतर एकदाच ११ छापला जातो, जे पाहून चूक ओळखता येते. व्हाइलपुढे तो पडला तर प्रोग्राम अडकून बसतो. डू-व्हाइलमध्ये मात्र अटीनंतरचा सेमीकोलन अनिवार्य आहे.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. १००० पर्यंतच्या फिबोनाची संख्या ९८७ पाशी संपतात, पण ते किती वे पद आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. येथे फॉर लूप लिहिता येतो, तथापि दर फेरीला आधीची दोन पदे पुढे सरकवायची असतात आणि त्यासाठी तीन विधाने लागतात. ती स्वल्पविरामांनी जोडून मथळ्यात कोंबली तर ज्या सुवाच्यतेसाठी फॉर घ्यायचा तीच जाते. "पद १००० पेक्षा मोठे नाही तोवर" हे वाक्य जसे बोलतो तसे व्हाइलमध्ये लिहावे आणि पदांची सरकवासरकव आत निवांतपणे करावी, हे उत्तम. तिसऱ्या प्रश्नात, म्हणजे कोलाट्झच्या मालिकेत, व्हाइलची गरज आणखी स्पष्ट होते. २७ पासून सुरुवात केली तर १ येण्यास १११ पायऱ्या लागतात आणि वाटेत संख्या ९२३२ पर्यंत चढते. २६ ला मात्र १० पायऱ्या पुरतात. असा अंदाज आधी बांधून फॉरमध्ये कोणता आकडा लिहिणार?

याच मालिकेवर डू-व्हाइल लावला तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. वापरकर्त्याने १ दिला तर मालिका १ या एकाच पदाची असायला हवी. व्हाइल आधी अट तपासतो, आत शिरतच नाही, आणि लूपनंतरची ओळ १ छापते. डू-व्हाइल मात्र एकदा आत जातोच. १ विषम असल्याने त्याचे ४ होतात, मग २, मग पुन्हा १, आणि आउटपुट १ ४ २ १ असे निघते. २७ देऊन तपासणी केली तर दोन्ही प्रोग्राम तंतोतंत सारखेच चालतात, म्हणून ही चूक प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये सुखाने राहून जाते. मालिकेच्या प्रोग्रामची चाचणी सुरुवातीच्या सर्वांत लहान किमतीवर घ्यावी, असा माझा आग्रह याच कारणाने असतो.

याचा अर्थ डू-व्हाइल टाकाऊ आहे असा नाही. संख्येचे अंक सुटे करून छापताना तोच बरोबर ठरतो. १० ने भागून बाकी घ्यायची, मग संख्या १० ने भागायची, असे संख्या शून्य होईपर्यंत करत राहिल्यास अंक उलट क्रमाने मिळतात. परंतु मूळ संख्याच ० असेल तर व्हाइल एकही अंक छापत नाही, आणि ० ला एक अंक असतो हे तर खरेच. डू-व्हाइल तो एक अंक छापतो. "किती पदे हवीत?" हे विचारून योग्य उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारण्यासाठीही तोच सोयीचा आहे, कारण प्रश्न किमान एकदा विचारावाच लागतो. एरवी मालिका छापण्यासाठी मी तो क्वचितच सुचवेन.

संख्येचे माप अपुरे पडले तर कोणताच लूप वाचवत नाही, तरीही परिणाम लूपनुसार बदलतो. ३२ बिटांच्या इंट या पूर्णांक प्रकारात २१४७४८३६४७ पर्यंतच संख्या मावते. १, १, २ अशी मोजणी केल्यास फिबोनाचीचे ४६ वे पद १८३६३११९०३ मावते, तर ४७ वे पद २९७१२१५०७३ मावत नाही. अशा वेळी काय व्हावे हे भाषेचे प्रमाणक ठरवून देत नाही. प्रत्यक्षात बहुधा −१३२३७५२२२३ ही ऋण संख्या दिसते. ५० पदे छापणारा फॉर लूप असे काही चुकीचे आकडे छापतो, पण थांबतो. "पद २०० कोटींपेक्षा मोठे नाही तोवर" अशा अटीचा व्हाइल मात्र नेमके थांबायचे तेथे थांबत नाही, कारण ऋण संख्या २०० कोटींपेक्षा लहानच असते. पद लाँग लाँग या अधिक मोठ्या पूर्णांक प्रकारात ठेवल्यास ९२ व्या पदापर्यंत चिंता नाही. टर्बो सी मधला इंट १६ बिटांचा असल्यामुळे तेथे २३ वे पद, २८६५७, हेच शेवटचे.

दशांशाच्या मालिकेतही मोजणी पूर्णांकानेच करावी. ०.१ ची भर घालत ० पासून निघालेले डबल (दशांश संख्या साठवणारे) व्हेरिएबल दहा बेरजांनंतर १ वर न पोहोचता ०.९९९९९९९९९९९९९९९९ वर थांबते, आणि "१ होत नाही तोवर" अशी अट कधीच खोटी होत नाही. फॉर लूपमध्ये क्रम ० ते १० चालवून तो १०.० ने भागला की प्रश्न मिटतो.

एकाच प्रोग्राममध्ये तिन्ही लूपना आपापली जागा मिळते असे उदाहरण हवे असेल तर ते आपल्याकडचेच आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला: चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेल्यास, चारही अंक सारखे नसतील तर, अधिकात अधिक सात पायऱ्यांत ६१७४ येते. संख्या घेताना डू-व्हाइल वापरावा, म्हणजे ११११ सारखी संख्या दिली तर ती पुन्हा विचारता येते. नाहीतर पहिल्याच वजाबाकीत ० येऊन पुढचा लूप कधीच संपणार नाही. पायऱ्यांसाठी "संख्या ६१७४ नाही तोवर" असा व्हाइल हवा, कारण कोणी ६१७४ च दिली तर एकही पायरी लागू नये.

अंक सुटे करण्यासाठी मात्र येथे ना व्हाइल चालतो ना डू-व्हाइल. १००० घेतल्यास १००० − ०००१ = ९९९ येते. "संख्या शून्य होईपर्यंत" चालणारा लूप ९९९ मधून तीनच अंक काढतो, ९९९ − ९९९ = ० होते आणि प्रोग्राम भरकटतो. चार फेऱ्यांचा फॉर लूप लावला तर चौथा अंक ० म्हणून आपोआप मिळतो, आणि मालिका १०००, ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४ अशी छापली जाते.