‘पूर्ण’ म्हणजे नेमकं काय झालं? केस सॉफ्टवेअरमधलं रेफरल, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमधल्या एका सोमवारी मी कार्यालयाचं कुलूप काढायच्या आधीच एक ताई पायरीवर येऊन बसल्या होत्या. हातात आमचीच चिठ्ठी होती, घड्या घालून घालून मऊ झालेली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांना संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे पाठवलं होतं. मी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची केस उघडली. रेफरलच्या, म्हणजे बाईला दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवल्याच्या, ओळीत हिरवी खूण, शेजारी ‘पूर्ण’, आणि तारीख चिठ्ठी दिल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

ताई त्या कार्यालयाच्या दारापर्यंतही पोचल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच ऊसतोडीची टोळी निघाली. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली होती, कोयता जोडीचा, म्हणजे काम नवरा-बायकोने मिळून करायचं होतं, नाही म्हणायची सोयच नव्हती. चार महिने त्या कोल्हापूरकडे उसाच्या फडात होत्या, त्याच नवऱ्याबरोबर, तोच मार खात. आणि ते चारही महिने आमचा डॅशबोर्ड त्यांचं काम ‘पूर्ण’ दाखवत होता. देणगीदारांना गेलेल्या तिमाही अहवालातही ती केस यशस्वी रेफरलमध्ये मोजलेली आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. अशा बहुतेक सॉफ्टवेअरची ठेवण सारखीच असते आणि ज्यांच्या संस्थेत एखादं आहे त्यांना वाचताक्षणी समजेल. आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी काम करतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस, निराधार बायका, अधूनमधून मुलांचे प्रश्न. मागच्या जुलैत सहा लॉगिन घेतले, एकाला महिन्याला 400 रुपये. केस नोंदणी, फॉलोअपच्या तारखा, अहवाल याबद्दल फार बोलत नाही, ते नीट चालतं. मला बोलायचंय ते रेफरलबद्दल, आणि त्यातही त्या एका शब्दाबद्दल.

हिरवी खूण येते कधी? समोरच्या कार्यालयाला भागीदार लॉगिन दिलेलं असेल तर तिथल्या कुणीही ‘स्वीकारले’ दाबलं की. लॉगिन नसेल तर त्याहून वाईट: आपण पाठवलेला एसएमएस त्यांच्या नंबरवर पोचला की. म्हणजे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर निरोप गेला एवढ्यावर सॉफ्टवेअर काम झालं असं धरतं. बाई घराबाहेर पडली का, तिला एसटी मिळाली का, साहेब जागेवर होते का, ‘गुरुवारी या’ म्हणाले का, यातलं काहीच त्याला कळत नाही. आमच्या जुन्या रेफरल रजिस्टरात शेवटचा रकाना होता ‘काय झालं’. तो रिकामा असला की डोळ्यांत खुपायचा. इथे रिकामं काही राहतच नाही, सगळं हिरवं होतं, आणि हिरवं दिसलं की केसवर्कर पुढच्या केसकडे वळते. मी स्वतः वळले.

हे मी ऑगस्टमध्येच त्यांच्या मदत केंद्राला विचारलं होतं. उत्तर आलं की रेफरलच्या स्थिती बदलणं तुमच्या प्लॅनमध्ये बसत नाही, वरचा प्लॅन घ्या. वरचा प्लॅन जवळजवळ दुप्पट किमतीचा. आमचा विषय तिथेच संपला. मार्चमधल्या त्या सोमवारनंतर मात्र मी सलग तीन दिवस फोन केले. आवाजही चढवला. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगा.

इथपर्यंतचं मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य आता काढलंय, कारण चौथ्या दिवशी फोनवर एक मुलगी आली. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, स्क्रीन दाखवा, आपण बघू.” प्रशासक, मग याद्या, मग रेफरल स्थिती. तिथे सगळे शब्द बदलता येत होते, आमच्याच प्लॅनमध्ये, पहिल्या दिवसापासून. तिने अर्धा तास बसून करून दिलं आणि ‘स्वीकारले’ला लागलेली हिरवी खूण काढून टाकली. तिचे मी मनापासून आभार मानते. पण ऑगस्टमध्ये वरचा प्लॅन घ्या म्हणणाऱ्यांनी तेव्हाच हे सांगितलं असतं तर नोव्हेंबरचा ‘पूर्ण’ उमटला नसता. ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

आता आमच्या स्थिती अशा आहेत: चिठ्ठी दिली, पोचल्या, पोचल्या नाहीत, काम सुरू, काम झालं. ‘काम झालं’ कधी म्हणायचं यावर आम्ही दोन दुपार भांडलो, आणि माझ्या मते नऊ महिन्यांतलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच. संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवलं असेल तर घटना अहवाल, म्हणजे डीआयआर, न्यायालयात दाखल झाल्यावरच. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात न्यायालयाकडे अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असं म्हटलंय. म्हणून त्या दोन्हीच्या आठवणी आम्ही वेगळ्या लावतो. विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं तर वकील नेमल्याचं पत्र हातात आल्यावर (बाईचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील हा तिचा हक्क आहे, हे अजूनही बऱ्याच जणींना माहीत नसतं). सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राला पाठवलं तर पोचण्याबरोबरच पुढची सोय लागल्यावर, कारण तिथला मुक्काम तात्पुरता, पाच दिवसांपर्यंतचा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज असेल तर पहिला हप्ता खात्यावर पडल्यावर. तहसीलची पोच मिळाली म्हणजे ‘काम सुरू’, बस.

या व्याख्या सॉफ्टवेअर देत नाही, देऊही शकणार नाही. पण त्या ठेवायला त्याने जागा दिली, हे मान्य.

एक गोष्ट अजून बदलता येत नाही. 30 दिवस काही नोंद झाली नाही तर रेफरल आपोआप बंद होतं. कायदाच निकालाला 60 दिवस धरतो आणि हे तिसाव्या दिवशी फाइल मिटून मोकळं. आम्ही दर सोमवारी अर्धा तास फोनला बसतो आणि प्रत्येक उघड्या रेफरलवर काहीतरी नोंद करतो, ‘फोन उचलला नाही’ एवढी का होईना. त्या धाकाने सोमवारचे फोन चुकत नाहीत हेही खरं आहे.

दुसरी अडचण पत्त्याची. एका केसला एकच पत्ता, आणि रेफरलची यादी त्या पत्त्याच्या जिल्ह्यापुरती. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. म्हणजे फडावर असतानाही ताईंना कोल्हापूर जिल्ह्यातच दाद मागता आली असती. आम्हाला त्यांचा ठावठिकाणा कळला असता तरी या सॉफ्टवेअरमध्ये ते रेफरल करायला जागाच नव्हती. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं निम्मं वर्ष दुसऱ्या जिल्ह्यात जातं. दोन पत्ते आणि हंगामाच्या तारखा टाका, असं मी कंपनीला लेखी कळवलंय.

आणि एसएमएस. रेफरल केलं की बाईच्या नंबरवरही निरोप जातो, कार्यालयाच्या नावासकट. आमच्या कितीतरी बायकांचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो. घेतल्या दिवशी पहिलं हे बंद करा, बाकी सगळं नंतर शिका. मुलांच्या बाबतीत तर सॉफ्टवेअरची वाटच बघू नये. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. आधी 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा समितीला फोन, नोंद रात्री बसून.

आवडलेलं सांगते. सॉफ्टवेअर प्रत्येक रेफरलसाठी बाईची वेगळी संमती घेतं आणि काय पाठवायचं ते निवडता येतं. पूर्वी आम्ही घाईत अख्ख्या केसपेपरचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकत होतो. आज त्याची लाज वाटते. आता नाव, गरज आणि आमचा नंबर, एवढंच जातं. दुसरं म्हणजे छापील चिठ्ठी. सेवांच्या यादीत आम्ही प्रत्येक कार्यालयाची वेळ, उतरायचा थांबा आणि न्यायची कागदपत्रं भरली. ते सगळं मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर छापून येतं. रेशनकार्ड विसरलं म्हणून होणारी फेरी वाचते.

भागीदार लॉगिन मात्र घेऊ नका. महिना 250 रुपयांचे पाच घेतले, वापरला एकाने. चार बंद केले, महिन्याला हजार रुपये वाचले. एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. त्या हजारात किती जणी जिल्ह्याला जाऊन येतात, हे मी हिशेबाच्या वहीत लिहून दाखवलं तेव्हा आमच्या संस्थेच्या समितीने लगेच सही केली. जुलैत नूतनीकरण आहे. सहा लॉगिन ठेवणार आहोत, वरचा प्लॅन नाही.

ताईंना त्या सोमवारी दुसरी चिठ्ठी दिली आणि आमची कार्यकर्ती सोबत गेली. डीआयआर दाखल झालाय, पहिली तारीख होऊन गेली. त्यांच्या केसमधली नोव्हेंबरची ओळ मात्र पुसता येत नाही, जुन्या नोंदी कायम राहतात. तिच्याखाली मी टीप टाकली आहे: ‘पोचल्या नाहीत. आम्ही विचारलं नाही.’