आयाक्स की बिल्बाओ: पोरं घडवायची विकायला की खेळवायला?

आयाक्स या नेदरलँड्सच्या फुटबॉल क्लबची अकादमी तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग पारखून मुलं घेते. भाव आला की क्लब विकतो; बचावपटू डी लिख्ट २०१९ मध्ये इटलीच्या युव्हेंटसला सुमारे साडेसात कोटी युरोंना गेला. एकाच उन्हाळ्यात तिघं-चौघं गेले, की संघाचा कणाच जातो.

स्पेनमधला क्लब अ‍ॅथलेटिक बिल्बाओ फक्त बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा घडलेले खेळाडू खेळवतो. गेलेल्याच्या जागी दुसरा मिळणं अवघड, म्हणून विकायची घाई नाही. २०१८ मध्ये गोलरक्षक केपासाठी चेल्सीला करारमुक्तीची पूर्ण रक्कम, आठ कोटी युरो, मोजावी लागली. लेझामा या बिल्बाओच्या अकादमीतली पोरं आधी बास्कोनिया, मग बिल्बाओ अ‍ॅथलेटिक या क्लबच्या खालच्या संघांच्या पायऱ्या चढत, मोठ्या खेळाडूंशी खेळताना मार खात तयार होतात. स्ट्रायकरची एखादी पिढी कोरडी गेली, तर मात्र पैसे असूनही बाजार बंद! तरीही पहिल्या संघात टिकायचं असेल, तर लेझामाच सरस.