बाबांच्या अस्थी आणि माझे 952 डॉलर

लाज वाटतेय, तरी लिहितेय. ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’चं सक्तीचं ट्रेनिंग मी ऑफिसात दर वर्षी करते. तीच मी 952 डॉलरना फसले.

बाबा जानेवारी 2024मध्ये इथे, न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले. अस्थी रामकुंडातच सोडायच्या, हे त्यांनी दहादा बजावलं होतं. माझ्याकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं बिनव्हिसाचं कार्ड; भावाचा पासपोर्ट भारतीय. व्हिसा हवा होता माझ्या दोन मुलांना आणि अमेरिकन वहिनीला. मुलांचं ओसीआय ‘पुढच्या सुट्टीत करू’ करता करता आठ वर्षं राहिलं. बोला मला काय बोलायचं ते.

रात्री अकराला ‘इंडिया ई-व्हिसा’ शोधलं आणि सगळ्यात वरची साइट उघडली. सिंहांची राजमुद्रा, तिरंगी पट्टी, सगळं जिथल्या तिथे. माणशी 189, तिघांचे 567. सरकारी साइटवर तीस दिवसांच्या व्हिसाला तेव्हा 25 डॉलर पडत होते! पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ नसेल तर तिथूनच मागे फिरा. मी पत्ता वाचलाच नाही. अस्थी घरात ठेवायच्या नाहीत म्हणून बाबा गॅरेजच्या फळीवर होते, रंगाच्या डब्यांशेजारी, आणि विमान नऊ दिवसांवर. तुम्ही वाचला असता? असेल.

पण खरा मूर्खपणा पुढेच. फॉर्ममध्ये प्रवासाचं कारण मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी फोन. ‘मॅडम, पिताजी की आत्मा को शांति मिले. अस्थि का कस्टम क्लिअरन्स अलग से लगेगा.’ 385 डॉलर, झेलवरून, म्हणजे थेट बँक खात्यातून पैसे पाठवायच्या इथल्या सोयीने. आता ऐका. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, वकिलातीचं पत्र, तिन्ही कागद माझ्यासमोर टेबलावर, निळ्या फाइलमध्ये होते. ते पत्र हातात धरून मी त्याला विचारलंसुद्धा, ‘ये है ना हमारे पास?’ ‘वो तो अमेरिका से निकलने का है, मॅडम.’ आणि मी पैसे पाठवले. पत्र हातात असताना! इतक्या दिवसांच्या कागदपत्रांत बाबांसाठी दोन शब्द बोलणारा तो पहिला माणूस होता, बाकी काही कारण माझ्याकडे नाही.

व्हिसाचे कागद आले, फोटोंसकट. नेवार्क विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तिन्ही नंबर टाकून पाहिले. एकही सिस्टिममध्ये नाही. सरकारी साइटवर व्हिसाचं स्टेटस दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे, घरून निघायच्या आधी करा. वहिनी मुलांना घेऊन परत गेली. तीन तिकिटं बुडाली ती 952मध्ये धरलेली नाहीत.

मग टोलवाटोलवी. बँक म्हणाली, झेलचे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. कार्डाचे 567? ‘सेवा मिळाली आहे’, कारण समोरच्याने ते खोटे व्हिसेच पुरावा म्हणून जोडले! वकिलातीचा फोन चाळीस मिनिटं वाजवला, मग ईमेल केली. उत्तरात खऱ्या साइटची लिंक आली, वर ‘सावध राहा’. आभारी आहे. इथले पोलीस म्हणाले, माणूस भारतात असणार, तिकडे तक्रार करा. नाशिकला पोलीस ठाण्यात गेले तर, पैसे अमेरिकेतून गेलेत ना ताई, मग तिकडेच करा. ऑनलाइन तक्रार करायला बसले तर ओटीपी भारतातल्या नंबरवर, आणि माझा नंबर न्यू जर्सीचा. फसवणाऱ्याला मात्र माझा नंबर पहिल्या झटक्यात लागला होता.

आणि हो, कलश धातूचा नेऊ नका, एक्स-रेत आतलं दिसत नाही. आम्ही लाकडी डबा घेतला होता. तेवढं एक बरोबर केलं.

रामकुंडावर उपाध्यायांनी घराण्याची वही काढली. आजोबांच्या वेळची बाबांची सही होती तीत. खाली भावाने केली, मी केली. ‘नातवंडं?’ त्यांनी विचारलं. नातवंडं फोनवर होती, तिकडे रात्रीचे साडेअकरा, धाकटा झोपून गेलेला. त्यांनी दोघांची नावं लिहून घेतली. दक्षिणा विचारली तर म्हणाले, ‘इच्छेनुसार.’

मी पावती मागितली.