शटरवाला टीव्ही: ट्यूबसकट चालू करायचा की पेटीत एलसीडी बसवायचा?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या काळातला व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या छोट्या नळ्यांवर चालणारा टीव्ही घरात असेल, तर बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली की त्याचं काय करायचं हा प्रश्न हमखास निघतो. दुरुस्त करा की पेटीत एलसीडी बसवा, लाकडाचं पॉलिश दोन्हीकडे सारखंच, ते बाजूला ठेवा. बघायची ती पिक्चर ट्यूब.

आधी माहितगार मेकॅनिककडून सिरीज बल्ब (जादा करंट जाऊ नये म्हणून वाटेत जोडलेला बल्ब) लावून सेट चालू करून घ्या, थेट प्लगमध्ये घालू नका. चित्र फारच सावकाश उजळत असेल, ब्राइटनेस वाढवल्यावर चेहरे चंदेरी पडत असतील, तर ट्यूब संपत आलीय. नवी मिळत नाही; दुसऱ्या भंगार सेटमधून निघाली तरच.

ट्यूब दमदार असेल तर मी दुरुस्तीच करेन. सुकलेले कंडेन्सर बदलणं हे मुख्य काम, आणि ते लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. पीएल ५०४ सारखे व्हॉल्व्ह मात्र शोधावे लागतात, चोरबाजारात नशीब असेल तर. खरी गोम लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरची, म्हणजे ट्यूबला लागणारा मोठा व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाची. आपल्या दमट हवेत त्याचं इन्सुलेशन जातं, आणि तो गुंडाळून देणारा माणूस सापडणं कठीण. ॲडव्हान्स देण्याआधी मेकॅनिकला हेच विचारा. अशा बऱ्याच सेटची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट घरच्या विजेला जोडलेली असते आणि ट्यूबवर पंधरा हजारांच्या आसपास व्होल्ट असतात, बंद केल्यावरही काही काळ. मागचं झाकण स्वतः उघडायची हौस नको.

वरचा एक खर्च लोक विसरतात. ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालंय, त्यामुळे सेटटॉप बॉक्स आणि टीव्हीच्या मध्ये मॉड्युलेटर लागतो; तो बॉक्सचं चित्र जुन्या टीव्हीला पकडता येईल अशा चॅनेलवर आणतो. तो व्हीएचएफवर, म्हणजे जुन्या चॅनेलच्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल देणारा हवा. त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीचा, यूएचएफचा या सेटला उपयोगाचा नाही.

एलसीडीचं सोपं आहे. सेकंडहँड चौकोनी मॉनिटर, एक सुतार, काम झालं. वजन कमी, पावसाळ्याची काळजी नाही. पण फुगीर काचेच्या जागी सपाट पडदा आला की पेटी नाटकातल्या सेटसारखी दिसते, निदान माझ्या डोळ्यांना. ट्यूब मेलेली असेल तर हाच मार्ग. मात्र पेटी कापू नका आणि चासी भंगारात देऊ नका, तिच्यातल्या व्हॉल्व्हवर दुसऱ्या कुणाचा सेट चालेल.

दुरुस्त केलेला सेट पावसाळ्यात आठवड्यातून अर्धा तास लावायचा, म्हणजे आतली ओल निघते. तेवढा वेळ समोर बसून राहायचं. तो चालू ठेवून बाजारात जायचं नाही.